लाल दार, हिरवी भिंत

घर घडताना : लेखांक ६

१८९४ सालचा स्वीडनमधला उन्हाळा पावसात गेला. वर्षभर ज्या उन्हाची वाट पाहायची, तेच उगवेना. उघड्यावर बसून रंगवणारा चित्रकार कार्ल लार्सन सुंडबोर्न गावातल्या आपल्या लाकडी घरात अडकून पडला. बाहेर जाता येत नाही तर घरातलंच रंगव, असं त्याची बायको करीन हिनं सुचवलं. कार्लनं कागद मांडला आणि एकेक खोली जलरंगात उतरवायला घेतली. एका चित्रात त्याचा मुलगा पोंटुस दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला दिसतो. खोडी काढली म्हणून झालेली ती शिक्षा. मुलगा रुसलेला आहे, पण खोली मात्र भलतीच प्रसन्न आहे : पांढऱ्या खुर्च्या, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, उघडी लाकडी जमीन.

अशी २४ चित्रं १८९९ मध्ये पुस्तकरूपानं आली. पुस्तकाचं नाव ‘एत हेम’, म्हणजे ‘एक घर’. एका कुटुंबाच्या राहत्या घराची अंतर्गत सजावट हाच त्याचा विषय, आणि लोकांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं.

गेल्या आठवड्यात इंग्रज रचनाकार विल्यम मॉरिसच्या ‘रेड हाउस’ची गोष्ट पाहिली. तिथे जमीन मोकळी होती, हाताशी फिलिप वेबसारखा वास्तुरचनाकार होता आणि पाया खणण्याआधीच घराचं चित्र मनात तयार होतं. तरीही मॉरिस कुटुंब १८६० ते १८६५ एवढीच पाच वर्षं तिथे राहिलं. लार्सन कुटुंबाचं प्रकरण याच्या उलट आहे. त्यांना मिळालं ते जुनं, लहान आणि दुसऱ्याच्या सवयीनं वाढलेलं घर. बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला असंच घर येतं.

कार्ल १८५३ मध्ये स्टॉकहोममधल्या अगदी गरीब घरात जन्मला. करीन व्यापाऱ्याची मुलगी, कार्लहून सहा वर्षांनी लहान आणि तीही चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली. फ्रान्समधल्या ग्रे-स्युर-ल्वँ या खेड्यात, स्कँडिनेव्हियन चित्रकारांच्या वस्तीत दोघांची गाठ पडली आणि १८८३ मध्ये लग्न झालं. पुढे आठ मुलं झाली, त्यांतलं एक तान्हेपणीच गेलं. संसार वाढला तसा करीनचा कुंचला सुटला.

१८८८ मध्ये करीनच्या वडिलांनी जावई-मुलीला सुंडबोर्नचं घर देऊन टाकलं. ओंडक्यांचं हे घर १८३७ मधलं, नाव ‘लिला ह्युट्नेस’. धातू गाळण्याच्या भट्टीला ‘ह्युटा’ म्हणतात आणि पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकाला ‘नेस’. भट्टीतून निघालेल्या मळीच्या ढिगावर, नदीकाठी ते उभं होतं. करीनच्या आत्या तिथे राहून गेल्या होत्या. सुरुवातीला उन्हाळ्यापुरतं वापरलेलं हे घर १९०१ पासून कायमचं बिऱ्हाड झालं.

या घराचा एकच एक आराखडा कधीच नव्हता. आधी कार्लला कामाची जागा हवी म्हणून १८९० मध्ये एक स्टुडिओ जोडला. तो अपुरा पडला तेव्हा दशकाच्या शेवटी दुसरा, मोठा स्टुडिओ झाला. मग पहिल्या स्टुडिओत करीनचा माग आला, मुलांचे उद्योग आले. १९१२ मध्ये तर खाण-मालकाच्या जुन्या घरातली एक अख्खी खोली आणून इथे जोडली. चोवीस वर्षं घर असं गरजेप्रमाणे फुटत, वाढत राहिलं.

मग ते गोधडीसारखं का दिसत नाही?

पहिलं उत्तर रंगात आहे. बाहेरून घर लाल आहे, पण तो लाल आवडीनं दुकानातून निवडलेला नाही. जवळच फालुनची तांब्याची खाण. तिथल्या टाकाऊ खनिजमातीतल्या लोहामुळे हा गडद लाल रंग मिळतो. पाणी, राय नावाच्या धान्याचं पीठ आणि जवसाचं तेल घालून तो शिजवतात. लाकूड त्यानं टिकतं, म्हणून त्या मुलखातली घरं शतकानुशतकं लालच. लार्सन दांपत्यानं हा लाल रंग आत घेतला. जेवणाच्या खोलीत भिंतीच्या फळ्या हिरव्या आणि त्यावर दारं-खुर्च्या लाल. रंगचक्रात हे दोन रंग समोरासमोर बसतात, त्यामुळे एकमेकांशेजारी आले की दोन्ही उजळतात. हिरव्या लुगड्याला लाल काठ का शोभतो हे जिला ठाऊक आहे, तिला ही खोली समजावून सांगावी लागणार नाही.

त्या काळी युरोपातल्या खात्यापित्या घरांत मखमलीचे जड पडदे, काळपट लाकूड आणि कोपऱ्याकोपऱ्यात शोभेच्या वस्तू, अशी रीत होती. ज्या देशात हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं, तिथे खिडकीला मखमल लावणं म्हणजे हाती आलेला उजेड परत करणं. लिला ह्युट्नेसमध्ये खिडक्यांना आखूड, पातळ कापड आहे आणि खालच्या फळीवर कुंड्या आहेत.

दुसरं उत्तर जुन्या सामानात. या जोडप्यानं सगळं नवं करून घेतलं नाही. दिवाणखान्यातल्या त्या पांढऱ्या खुर्च्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या घाटाच्या, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं आजीच्या काळातल्या. त्यांना पांढरा रंग दिला, पट्ट्यांच्या कापडाची खोळ घातली. खोळ काढून धुता येते. ज्या घरात सात मुलं वावरतात तिथे ही सोय सौंदर्याइतकीच मोलाची. वेगवेगळ्या काळातलं सामान एका रंगाच्या हाताखालून गेलं की एका कुळातलं वाटू लागतं, ही युक्ती इथे घरभर दिसते.

तिसरं उत्तर कापडात, आणि ते सर्वस्वी करीनचं. पलंगपोस, उशांचे अभ्रे, टेबलाचं कापड, पडदे, मुलांचे कपडे, सगळ्यांची रचना तिची. जेवणाच्या खोलीसाठी १९०३ मध्ये तिनं एक भिंतपट केला, ‘चार तत्त्वं’. पृथ्वी, आप, तेज, वायू. पंचमहाभूतांत वाढलेला मराठी वाचक पाचवं शोधेल, पण युरोपच्या जुन्या हिशेबात आकाश धरत नाहीत. कार्लची आणि तिची निजायची खोली यांच्या मधल्या दारात तिनं विणलेला ‘प्रेमाचा गुलाब’ हा झिरझिरीत पडदा होता. लाकूडकामाचे आराखडेही ती काढून गावातल्या सुतारांकडे देई. १९०६ ची तिची झुलती खुर्ची पाहिली तर सरळ पट्ट्या आणि उघडे सांधे यांपलीकडे तीत काही नाही. नक्षी नाही, वळसे नाहीत. ही खुर्ची आणखी पंधरा वर्षांनी झाली असती, तर तिला आधुनिक चळवळीत जागा मिळाली असती.

कुंचला सुटला होता, तो असा माग आणि सुई होऊन परत आला. कार्ल दारांवर मुलांची चित्रं काढी, भिंतीवर फुलांच्या माळा रंगवी. पण पुस्तकावर नाव त्याचं, आणि चित्रांत करीन बहुधा पाठमोरी किंवा कामात बुडालेली. १९०९ मध्ये ‘उन्हातलं घर’ या अर्थाच्या नावानं जर्मन आवृत्ती निघाली आणि तीन महिन्यांत ४०,००० प्रती खपल्या. करीनचं श्रेय ठळकपणे मांडलं जायला मात्र वेळ लागला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं १९९७ मध्ये मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा शीर्षकात दोघांची नावं होती आणि स्वीडिश शैलीचे निर्माते असा दोघांचाही उल्लेख होता.

चित्रांतलं ऊन सगळंच खरं मानायचं कारण नाही. कार्लच्या मरणानंतर १९३१ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात बालपणीची उपासमार आणि मनावर दाटून येणारा काळोख या दोन्ही गोष्टी आहेत. ज्याच्या लहानपणाला स्वतःचा कोपरा नव्हता, त्यानं शिक्षेचा कोपराही इतक्या मायेनं रंगवला.

कार्ल १९१९ मध्ये गेला, करीन १९२८ मध्ये. घर आजही वंशजांच्या ताब्यात आहे आणि लोकांना पाहायला खुलं आहे. खुर्च्या, माग, भिंतपटाची जागा, लाल दार, सारं जिथल्या तिथे.

या मालिकेतल्या पुढच्या घराला हे भाग्य लाभलं नाही. इंदूरचे तरुण महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या जवळपास त्यांच्याच वयाच्या जर्मन वास्तुरचनाकाराला बोलावलं आणि आपल्या माणिकबाग महालातलं दिव्यापासून गालिच्यापर्यंत सगळं एका नजरेतून घडवून घेतलं. १९८० मध्ये त्यातलं बरंचसं सामान माँटे कार्लोच्या लिलावात विकलं गेलं, आणि इमारतीत कर खात्याचं कार्यालय आलं. त्या घराची हकिगत पुढच्या आठवड्यात.

(क्रमशः)