घरून धंदा करताय? मग घरातल्या कुत्र्यालाही काम द्या!



आज मार्जिन, जीएसटी बाजूला ठेवू. घरून व्यवसाय सुरू करणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी कुत्रा असतो, आणि धंदा वाढला की सगळ्यात आधी त्याचाच वेळ कापला जातो. माझंही तेच झालं.

आमचं गिफ्टचं दुकान खाली, घर वर. दिवाळीच्या ऑर्डरचे तयार बॉक्स मी हॉलमध्ये रचून ठेवले होते. संध्याकाळी वर आलो तर 18 बॉक्स फाटलेले, रिबिनी सोफ्याखाली आणि आमचा ब्रुनो, तीन वर्षांचा लॅब्राडॉर, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. रात्रभर जागून पुन्हा पॅकिंग केलं. वडील एवढंच म्हणाले, "तुला वेळ नसेल तर चांगल्या घरी देऊन टाक. मुक्या जीवाचे हाल नकोत."

ते मनाला लागलं. कारण सीझनच्या नादात महिनाभर त्याचं फिरणं दहा मिनिटांवर आलं होतं. खाणं दोन मिनिटांत संपायचं, आणि मग दिवसभर करायला काहीच नाही. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करायचे. पुढे ब्रिटनमध्ये शिकार उचलून आणण्यासाठी ही जात घडवली गेली. असा कुत्रा रिकामा बसला की स्वतःच काम शोधतो. गावठी कुत्र्याचंही वेगळं नाही, त्याचं डोकंही तितकंच चालतं.

मग मी काय बदललं? खर्च जवळपास शून्य.

1. फिरताना वास घेऊ द्या. सकाळी अर्धा तास, पट्टा सैल. कुत्र्यासाठी वास म्हणजे आपला सकाळचा पेपर. ओढत नेऊ नका. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही कुत्र्यांना दोन आठवडे वासाने खाऊ शोधायचा खेळ दिला. नंतरच्या चाचणीत ती कुत्री आधीपेक्षा जास्त आशावादी वागली. उन्हाळ्यात मात्र ऊन चढायच्या आत फिरवून आणा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवा. पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पायही भाजणार.

2. जेवण कमवायला लावा. भांड्यात सगळं एकदम ओतू नका. जुना टॉवेल पसरा, त्यात त्याचं कोरडं खाणं टाका आणि गुंडाळी करा. तो नाकाने, पंजाने उलगडत बसतो. दुकानातले रिकामे खोकेही चालतात. टेप आणि पिना आधी काढा, आत चुरगळलेले कागद आणि चार दाणे टाका. पण पुठ्ठा गिळायला लागला तर हा खेळ लगेच बंद.

3. पाच मिनिटांची शाळा. दुपारी आई एकच गोष्ट शिकवते: "बस", "थांब", "जागेवर जा". जमलं की लगेच छोटासा खाऊ. चुकला तर ओरडायचं नाही. डोक्याला काम मिळालं की तोही दमतो.

4. पावसाळ्यातला लपंडाव. बाहेर जाता येत नसेल तेव्हा गाजराचे तुकडे खोल्यांमध्ये लपवा आणि "शोध" म्हणा. चेंडू खेळवायचा तर गुळगुळीत फरशीवर चटई टाका, पाय घसरून सांधे दुखावतात.

5. झोप मोडू नका. मोठा कुत्रा दिवसातले बारा तास सहज झोपतो. सतत खेळवत राहायची गरज नाही. काम, आराम, काम असा क्रम ठेवा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. खाऊ म्हणून चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा, लसूण कधीच नको, हे कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. शिजवलेली हाडंही नकोत. आणि शांत कुत्रा अचानक तोडफोड करू लागला किंवा खेळणं सोडून गप्प पडून राहिला, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. दुखणंही असू शकतं.

ब्रुनो एका दिवसात सुधारला नाही बरं का. दोन-तीन आठवडे लागले. मधे एक चप्पल गेलीच! पण पुढच्या सीझनला बॉक्स त्याच हॉलमध्ये होते, आणि तो शेजारी टॉवेल उलगडण्यात गुंग. वडीलच आता रोज सकाळी पट्टा घेऊन दारात उभे असतात.

तुम्ही आज एवढंच करा. ज्या वहीत ऑर्डर लिहिता, त्याच वहीत त्याच्या तीन वेळा लिहा: सकाळचं फिरणं, दुपारची शाळा, संध्याकाळचा खेळ. सात दिवस रोज टिक करा. वहीत लिहिलेलं काम होतं, हे तुम्हाला धंद्यात माहीत आहेच. धंदा करायचं आपण ठरवलं, त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या वाट्याचा तासभर त्याला द्यायलाच हवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!