बिनबाणाचं धनुष्य

शाळेच्या २६ जानेवारीला, गणपतीच्या मिरवणुकीत, यात्रेच्या छबिन्यापुढे, नाहीतर निवडून आलेल्या सरपंचाच्या स्वागताला, कुठे ना कुठे प्रत्येकाने लेझीम पाहिलेली असते. निम्म्यांनी ती हातातही धरलेली असते. तरी शिरूर-दौंडच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, लेझीम म्हणजे काय? नाच, खेळ, वाद्य अशी उत्तरं येतात. ती चुकीची नाहीत. पण वस्तू जरा उलटसुलट करून पाहिली तर ती धनुष्य आहे. लाकडाची कमान, दोरीच्या जागी लोखंडी साखळी, आणि तिरंदाज जिथे बोटं घालून दोरी ओढतो नेमकी तिथे, साखळीच्या मधोमध, मूठ. बाण तेवढा नाही, आणि तो तिला कधी नव्हताच.

धनुष्य ओढायला पाठीत आणि खांद्यात ताकद लागते आणि ती एका दिवसात येत नाही. रोज खरंच धनुष्य ओढून ती कमवावी म्हटलं तर अडचण अशी, की बाण न लावता ताणलेली दोरी सोडली तर बाणाला मिळायचा सगळा जोर कमानीतच राहतो आणि भलं चांगलं धनुष्य तडकतं. म्हणून सरावाचं धनुष्य वेगळं. कमान मऊ, दोरीऐवजी साखळी. ओढा, सैल सोडा, पुन्हा ओढा. इराणातल्या झूरखान्यांत, म्हणजे तिकडच्या तालमींत, याच कुळातलं साधन आजही वापरात आहे. त्याला कब्बादे म्हणतात. ते अख्खं लोखंडी असतं, साखळीत जाड चकत्या असतात. पहिलवान दोन्ही हातांनी ते डोक्यावर धरून या खांद्यावरून त्या खांद्यावर झुलवतो आणि उंच बैठकीवर बसलेला एक जण ढोल वाजवत ताल धरतो. झूरखान्याची ही परंपरा २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. आपली लेझीम मात्र तालमीबाहेर पडली, वजन कमी करून घेतलं आणि हलगीच्या नादाला लागली. बंदुकीपुढे धनुष्य निरुपयोगी झालं तरी सरावाचं धनुष्य टिकलं, कारण एव्हाना त्याला वाजवण्याचं दुसरं काम मिळालं होतं.

बडोद्याचे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. त्यांनी लेझीम धरली ती व्यायामात, जोर-बैठका आणि मल्लखांबाच्या पंगतीत. पुढे शाळांनी तिची कवायत केली, मिरवणुकांनी नाच केला, आणि व्यायाम मागे पडला.

२०२५ च्या जानेवारीत ‘छावा’ चित्रपटाची झलक आली आणि संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले म्हणून गदारोळ उठला. दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकलं. आमच्या भागात हा वाद जरा जास्तच तापला, आणि ते साहजिक होतं. महाराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये कैद करून आणलं ते पेडगावच्या बहादूरगडावर, दौंडहून भीमेच्या पलीकडे. त्यांची समाधी वढू बुद्रुकला, शिरूर तालुक्यात. या दोन ठिकाणांच्या मधल्या गावांत त्यांच्याबद्दल वावगं कुणी ऐकून घेत नाही. सिनेमातल्या गाण्यावर राजाने थिरकावं का, हा प्रश्न रास्तच होता. मला खटकलं ते वेगळंच. दृश्य ठेवा म्हणणारे आणि काढा म्हणणारे, दोघांनीही लेझीम म्हणजे नाच हे गृहीत धरलं होतं. चौकातल्या त्या सगळ्या भांडणात हे मुळात शस्त्राच्या सरावाचं साधन आहे, असं म्हणणारा एकही आवाज माझ्या कानावर आला नाही.

आज दुकानात मिळते त्या लेझमीत धनुष्य ओळखायला थोडी कल्पना लागते. दांडा सरळ, लेथवर गोल काढलेला, लाल-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवलेला, हातभर लांबीचा. तो वाकत नाही. साखळी दांड्यापेक्षा लांब ठेवलेली असते, त्यामुळे मूठ ओढली की दांडा आणि साखळी मिळून त्रिकोण होतो. वाकण्याचं काम साखळीच्या ढिलाईवर भागवलेलं. मुलांच्या हाताला ती हलकी पडते, एका पोत्यात वर्गाच्या वर्गाचं सामान मावतं, तुटली तर दुसरी आणता येते. शाळांनी ती घेतली यात काही वावगं नाही. फक्त ती ओढताना समोरून ओढ येत नाही. कमानीची लेझीम उलट ओढते. हात सैल सोडायचा म्हटलं तरी आपल्या मनाने सुटत नाही, कमान तो खेचून नेते, आणि साखळी दांड्यावर आदळून जो आवाज येतो त्याला वेळ पाळावीच लागते.

हे मला माहीत आहे ते आमच्या आण्णांच्या लेझमीमुळे. आण्णा म्हणजे आजोबा. आमचं गाव शिरूर तालुक्यात, आजोळ भीमा ओलांडून दौंडात. न्हावऱ्याहून पारगावच्या पुलावरून केडगाव-चौफुल्याकडे जाणारा रस्ता हा आमच्या दोन्ही घरांचा दुवा. यात्रेत आण्णा लेझमीच्या रांगेत पहिले असायचे. त्यांची लेझीम बांबूची होती, चांगली अडीच फुटांची. त्यांच्या पश्चात माळवदाच्या तुळईवरून ती काढली तर भुंग्याने आतून पीठ केलेलं. साखळी गंजून एक झालेली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी ‘स्मरणार्थ’ काय द्यायचं याची चर्चा घरात सुरू झाली. आमच्या भागात मेलेल्या माणसाचं नाव कशावर नसतं? एसटीच्या थांब्यावरचं सिमेंटचं बाकडं, देवळातला पंखा, शाळेचं कपाट, पाण्याची टाकी, दशक्रियेच्या घाटावरची पायरी. सगळ्यांवर ‘कै.’ आणि खाली देणाऱ्यांची भली मोठी यादी. मोठ्या चुलत्यांनी बाकड्याची किंमतसुद्धा काढून आणली होती. आत्या म्हणाली, “आण्णा आयुष्यात बाकड्यावर टेकले का कधी? त्यांची लेझीम होती तशी करा.” चुलते गप्प बसले. आत्यापुढे ते एरवीही गप्पच बसतात.

आजोळच्या सुतारमिस्त्रींना आधी हे पटलं नाही. “सरळ दांडा काढून देतो की दहा मिनिटात. वाकडं कशाला घालताय?” वाकडं नको, वाकणारं हवंय, हे त्यांना पटवायला चहा लागला. मग त्यांनीच लाकडांचा हिशेब मांडला. बाभूळ चिवट, गाड्याच्या कामाला एक नंबर, पण पातळ करून वाकवली की दगा देते. साग वाकायच्या आधी मोडतो. सह्याद्रीच्या जंगलातली धामण या कामाला उत्तम, धनुष्याचं म्हणून तिचं नाव जुनं आहे, पण ती इकडे माळावर कुठली? राहिला बांबू, तोही भरीव. तो घ्यायला शिरूरच्या बाजारात बुरुडाकडे गेलो. त्याने बोटाच्या पेराने टिचक्या मारत चार-पाच बांबू बाजूला सारले आणि एक उचलला. तीन-चार वर्षांचा, कोवळेपणाची साल झडलेली, अंगावर पांढुरके डाग. पावसाळा सरल्यावर तोडलेला का, हे त्याला विचारलं तर तो हसला. “वद्य पक्षातला आहे, भुंगा लागणार नाही.” पक्षाचं राहू द्या. पण बांबूत पिठूळ साखर भरलेली असते आणि भुंगा येतो तो तीच खायला, एवढं खरं. म्हणून तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची रीत आहे.

मिस्त्रींनी बांबू उभा चिरला आणि अर्ध्याला हात घातला. कमानीला पाठ असते आणि पोट असतं. ओढल्यावर पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. बांबूचे सगळ्यात दाट तंतू सालीलगत असतात, म्हणून सालीची बाजू पाठीला ठेवायची आणि तिला चुकूनही हत्यार लावायचं नाही. काय तासायचं ते पोटाकडून. मधला भाग जाड, टोकांकडे निमुळता. गाठींपाशी तासताना मिस्त्रींचा वाकस इतका हळू झाला की मला वाटलं ते थांबलेच. गाठ ही बांबूची सगळ्यात टणक जागा, आणि मोडायची तर कमान तिच्या शेजारीच मोडते. एका बाजूला जरा बाक होता. तिथे गोडं तेल चोळून निखाऱ्यांवर शेकलं आणि गुडघ्याखाली दाबून थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

खरं काम इथून पुढे. दोन्ही टोकांना सुतळी बांधून कमान भिंतीशी धरली, मागे कोळशाने आडव्या रेघा ओढल्या आणि सुतळी सावकाश ओढत दोन्ही अंगं सारखी वाकतात का ते पाहिलं. डावं अंग ताठ होतं. अशा वेळी ताठ बाजूचं पोट थोडं खरवडायचं आणि जास्त वाकणाऱ्या बाजूला हात लावायचा नाही, कारण तासलेलं परत चिकटवता येत नाही. मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवून फुटक्या काचेचा तुकडा घेतला. काचेच्या धारेखाली बांबूची साखरेच्या तारेसारखी बारीक सालपटं निघत होती. थोडं खरवडायचं, दहा-वीस वेळा हलकं ओढून कमानीला नव्या आकाराची सवय लावायची, पुन्हा भिंतीशी धरायची. त्यात संध्याकाळ झाली. जगात जिथे जिथे लाकडाचं धनुष्य झालं, तिथे तिथे हेच करत आले. नंदुरबारकडच्या भिल्लांचा तिरकमठाही असाच तासला जातो, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची. शालेय तिरंदाजीत ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आजही साध्या बांबूच्या धनुष्यावर खेळतात. आमच्यापासून फार लांब नसलेल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला तिरंदाज म्हणून उतरला, तेव्हा मिस्त्रींच्या नातवानेही पाचटाच्या गंजीवर निशाण मांडलं होतं म्हणे.

लोहाराकडचं काम वेगळ्या तऱ्हेचं. बांबूच्या टोकाला भोक पाडलं तर तो उभा चिरतो, म्हणून दोन्ही टोकांना पत्र्याच्या घट्ट टोप्या बसवल्या आणि कड्या त्यांना जोडल्या. चकत्या जुन्या पिंपाच्या पत्र्यातून कापल्या. त्या सपाट ठेवल्या तर एकमेकींना चिकटून नुसत्या खडखडतात. लोहाराने प्रत्येक चकती लाकडातल्या खळग्यात ठेवून हातोडीने किंचित खोलगट केली आणि दोन-दोनच्या जोडीने, तोंडाला तोंड लावून, कडीत ओवली. आता कडेला कड लागत होती, झांजेसारखी. भोकाचं मापही हवं तेवढंच. घट्ट असलं तर नाद बसतो, सैल असलं तर चकती तिरकी होऊन अडकते. त्याने एक जोडी कानाशी हलवली, नाक मुरडलं, काढून फेकली. आम्हाला त्यात काही फरक कळला नव्हता.

तयार झाल्यावर ती डाव्या हातात घेतली आणि उजव्याने मूठ ओढली, तेव्हा हे धनुष्य असल्याची खात्री कुणी पटवून द्यायची गरज राहिली नाही. दंडातून कळ पार पाठीत गेली. हलगीवाल्याने गवऱ्यांच्या जाळावर हलगी शेकून घेतली आणि चार आवाजाचा ठेका धरला. खाली वाकून पायांशी, मग उठत कमरेशी, मग छातीसमोर. दर आवाजाला कमान उघडायची आणि मिटायची. आमच्यातले कॉलेजला जाणारे दोघे आठ आवाजापर्यंत पोचलेच नाहीत. आत्याच्या काळी बायका रांगेत नसायच्या. तिने सगळं कडेला उभं राहून पाहिलेलं. तिने पदर खोचला आणि बैठकीचा घाट नीट करून दाखवला. मग “वजन जास्त झालंय रे,” असा शेराही मारला. चकत्यांच्या काही जोड्या कमी केल्या. शाळेच्या गुरुजींना ती आवडली, त्यांनी चाळीस मागितल्या. ते कुणालाच परवडणारं नव्हतं. शाळेला सरळ दांड्याच्या बाजारातल्या दिल्या आणि ही एकच कमानीची गावाच्या तालमीत ठेवायची ठरली, यात्रेला रांगेत पहिला असेल त्याने घ्यायची.

नावाचं राहिलं होतं. चुलत्यांना कमानीवर रंगाने ‘कै.’ पासून सगळं लिहून हवं होतं. मिस्त्री म्हणाले, पाठीवर रंग थापला तर ओढल्यावर तडकून पोपडे निघतील, आणि नाव कोरायला मी तिथे हत्यार लावू देणार नाही. जागा उरली ती लोखंडी मुठीची. शेवटी मूठ काढून दौंडच्या भांड्यांच्या दुकानात नेली, लग्नाच्या ताटवाट्यांवर मशीनने नावं घालून देतात तिथे. दुकानदाराने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “हे कशाचं हँडल म्हणायचं?” चुलत्यांनी कागदावर लिहून आणलेला चार ओळींचा मजकूर पुढे केला. त्याने बोटाने मुठीची लांबी मोजली, अक्षराचे पैसे सांगितले आणि म्हणाला, “दोन-तीन अक्षरं बसतील, बोला.” चुलत्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

“आण्णा घाला,” ते म्हणाले. “णला ण जोडून.”