तीन मापांचा काटकोन

दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात द्राक्षबागेची आखणी होते ती खुंट्या, दोरी आणि फक्कीने. बांधाला धरून एक दोरी ताणायची, कोपऱ्यापासून तिच्यावर ६ फुटांवर खूण, आडव्या दोरीवर ८ फुटांवर दुसरी, आणि दोन खुणांमधलं अंतर १० फूट भरेपर्यंत आडवी दोरी सरकवायची. पाया आखताना गवंडीही हेच करतो आणि कोपरा ‘गुण्यात’ आला म्हणतो. यात कोन कुणीच मोजलेला नसतो, तरी काटकोन मिळतो. त्याचं सगळं श्रेय पायथागोरसला जातं. माझ्या मते निम्मं तरी शाळेत गुणांपुरत्या पाठ केलेल्या ‘बाबाबा’ (बाजू-बाजू-बाजू) कसोटीचं आहे. पायथागोरसचं प्रमेय सांगतं, की काटकोन असेल तर ३६ आणि ६४ मिळून १०० होतात. बागेत तर बाजू हाताशी आहेत आणि काटकोन हवा आहे. युक्लिडने आपल्या भूमितीच्या पहिल्या ग्रंथाच्या शेवटच्या, ४८व्या प्रमेयात हे उलटं सिद्ध केलं. त्याच मापाच्या दोन भुजा घेऊन त्याने शेजारी खराखुरा काटकोन त्रिकोण काढला. त्याचा कर्ण १० येणारच. तिन्ही बाजू जुळल्या, म्हणून कोनही जुळले. हे ‘म्हणून’ आठव्या प्रमेयातलं, म्हणजे बाबाबाचं.

तीन बाजू पुरतात, तर प्लॉटच्या चार का पुरत नाहीत? चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेका खिळ्यावर ठोकलेलं फाटक कलतं; तिरपी पट्टी मारली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि ते हलायचं थांबतं. त्रिकोणाला कलायला वावच नाही. कोपऱ्याच्या खुंटीभोवती ८ फुटांचं वर्तुळ आणि ६ फुटांवरच्या खुणेभोवती १० फुटांचं काढलं, तर ती दोनच ठिकाणी छेदतात, दोरीच्या या अंगाला आणि त्या अंगाला. ते दोन त्रिकोण एकमेकांची आरशातली प्रतिमा. कागद उलटा केला की एकावर एक बसतात.

खरा आक्षेप मातीतला आहे: दोरी ताणली जाते, माप चुकतं. १० फुटांत अर्धा इंच जास्त आला, तर कोन सुमारे अर्ध्या अंशाने उघडतो आणि ३०० फुटी ओळीचं टोक अडीच फुटांहून जास्त सरकतं. ३-४-५ फूट घेतले, तर त्याच अर्ध्या इंचापायी पाच फुटांहून जास्त. सिद्धतेला दोन्ही त्रिकोण सारखेच, शेताला नाहीत. जागा असेल तिथे १२-१६-२० घ्यावं, टोक सव्वा फुटाच्या आसपासच सरकेल. टेपचा झोळ मात्र दोघांनी दोन टोकांना ओढूनच काढावा लागतो.