दमलो, हे ठरवतं कोण?

2004 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात नऊ सायकलपटूंवर एक साधा प्रयोग झाला. प्रयोगशाळेतल्या सायकलवर ठरावीक काम शक्य तितक्या लवकर उरकायचं, म्हणजे साधारण तासभर जीव तोडून पेडल मारायची. मधे मधे त्यांना चूळ भरायला द्रव दिला जाई. एका वेळी साधं पाणी, दुसऱ्या वेळी माल्टोडेक्स्ट्रिन हे जवळपास बेचव कर्बोदक मिसळलेलं पाणी. दोन्ही वेळा तोंडात घोळवून थुंकायचं, गिळायचं नाही. पोटात काहीच गेलं नाही, तरी कर्बोदकाची चूळ भरली तेव्हा तेच काम जवळपास तीन टक्के लवकर संपलं! पाच वर्षांनी त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूची चित्रं घेतली. कर्बोदक जिभेला लागताच मेंदूतले बक्षिसाशी जोडलेले भाग जागे होत होते.

मी हौशी ट्रायथलीट आहे. या चुळीने माझी थकव्याबद्दलची समजूत पार बदलली. आपण धरून चालतो की इंधन संपलं की माणूस थांबतो. इंधनाला मर्यादा आहे हे खरंच. यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनचा साठा अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे दोन हजार किलोकॅलरी. 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं अशा अर्ध्या आयर्नमॅनला तो पुरत नाही, म्हणूनच सायकलवर जेल आणि केळी खावी लागतात. पण त्या सायकलपटूंच्या साठ्यात चुळीने कणभरही भर पडली नव्हती. बदलला होता तो मेंदूचा अंदाज.

हा विचार तसा जुना आहे. 1922 सालचे नोबेल विजेते शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी हृदयाला इजा होण्याआधीच वेगाला लगाम घालणाऱ्या एखाद्या नियंत्रकाची कल्पना मांडली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी ती नव्याने उभी केली. पगार महिनाअखेरपर्यंत पुरवणाऱ्या गृहिणीसारखा मेंदू शक्तीचा हिशेब ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच आणि दहा हजार मीटरच्या विश्वविक्रमांचा अभ्यास केला, तेव्हा शेवटचा किलोमीटर मधल्या टप्प्यांपेक्षा वेगाने धावला गेल्याचं दिसलं. स्नायू खरोखर रिते झाले असते, तर ही शेवटची धाव आली कुठून?

थकव्याचेच दुसरे एक अभ्यासक, सॅम्युएले मार्कोरा, यांना असा लपलेला नियंत्रक मान्य नाही. त्यांच्या मते थांबण्याचा निर्णय माणूस स्वतः, जाणूनबुजून घेतो. 2009 साली त्यांनी काही जणांना दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकलवर बसवलं. एरवीपेक्षा ते सुमारे पंधरा टक्के लवकर थांबले. हृदय आणि स्नायू नेहमीसारखेच चालत होते, पण कष्ट पहिल्यापासूनच जास्त जाणवत होते. दोघांचा वाद काहीही असो, मधोमध उभी आहे ती जाणवणाऱ्या कष्टाची गोष्ट.

ही जाणीव मोजताही येते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी 6 ते 20 अशी पट्टी बनवली. काहीच कष्ट नाहीत तर 6, याहून जास्त शक्यच नाही तर 20. आकडे असे विचित्र का? निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं, की हृदयाचे मिनिटाचे ठोके साधारण निघतात. नुसतं स्वतःला विचारायचं आणि उत्तर यंत्राच्या जवळपास जातं!

ट्रायथलॉनमध्ये तर एकाच कष्टाचा मोबदला तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी मिळतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पोहताना वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे एक तृतीयांश जास्त लागते. सपाट रस्त्यावर वेगात सायकल चालवताना हवाही जवळपास असाच हिशेब मागते. धावताना मात्र वेग आणि ऊर्जा बऱ्याच अंशी एकाच प्रमाणात वाढतात. म्हणून पाण्यात हात आपटून कमावलेली दोन मिनिटं धावताना दामदुपटीने फेडावी लागतात.

त्यात हवामान. 2019 पासून गोव्यात मिरामारला अर्धा आयर्नमॅन होऊ लागला. पेडल मारताना शरीर खर्च करतं त्यातली जेमतेम पाव ऊर्जा चाकाला मिळते, उरलेली उष्णता होते. ती बाहेर टाकणारा घाम कोकणपट्टीच्या दमट हवेत वाळत नाही, नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम अंग थंड करत नाही. मग रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. थंड हवेतल्या शर्यतीपेक्षा इथे घड्याळ जास्त वेळ दाखवतं, ते कष्ट कमी पडले म्हणून नव्हे.

अभिनेते मिलिंद सोमण यांनी 2015 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झ्युरिकची पूर्ण आयर्नमॅन केली: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल, 42.2 किलोमीटर धावणं. वेळ सव्वापंधरा तासांच्या थोडी वर. अव्वल व्यावसायिक खेळाडू हे अंतर आठ-नऊ तासांत संपवतात. जिंकणारा घरी जाऊन झोपतो, तेव्हाही हौशी माणूस रस्त्यावर असतो आणि त्याचा मेंदू अजून पुढच्या किलोमीटरचा हिशेब लावत असतो. या टिकण्याला कोणत्याही निकालपत्रात रकाना नाही.

माझं ठाम मत आहे, की हौशी खेळाडूने शर्यत दोन आकड्यांनी मोजावी. घड्याळाचा आकडा तुम्हाला इतरांशेजारी उभं करतो. कष्टाचा आकडा सांगतो, की त्या दिवशी, त्या उन्हात, तेवढ्या झोपेवर तुमच्याकडे होतं त्यातलं तुम्ही किती लावलंत आणि कुठे लावलंत. पुढच्या शर्यतीनंतर निकाल बघण्याआधी पोहणं, सायकल आणि धावणं यांच्यासमोर बोर्गच्या पट्टीवरचा एकेक आकडा लिहून ठेवा. आणि ओळखीतलं कुणी शर्यत करून आलं, तर "टायमिंग किती आलं?" एवढ्यावर थांबू नका. कुठे जड गेलं आणि तिथून पुढे कसे गेलात, हेही विचारा.