राखेखालची राजधानी

नकाशात माँटसेरातची राजधानी प्लिमथ अशी दाखविलेली असते. कायद्यानेही ती तीच आहे. मात्र त्या नगरात आज मनुष्यवस्ती नाही. कॅरिबियन समुद्रातील, ब्रिटनच्या आधिपत्याखालील हे बेट जेमतेम १०२ चौरस किलोमीटरांचे.

जुलै १९९५ मध्ये येथील सूफ्रिएर हिल्स हा शतकानुशतके निद्रिस्त असलेला ज्वालामुखी जागा झाला. प्लिमथ वेळीच रिकामे करण्यात आले, पण पोटापाण्याची शेते मागे राहिली. २५ जून १९९७ रोजी तप्त राखेचा व वायूंचा लोट डोंगरउतारावरून धावत आला आणि १९ जणांचा बळी गेला. पिकांसाठी निषिद्ध क्षेत्रात परतलेले शेतकरी त्यांत होते. त्यांना अविचारी म्हणणे आम्हांस तरी जमणार नाही. त्याच वर्षी राजधानी गाडली गेली, विमानतळही गेला. सुमारे दोनतृतीयांश रहिवाशांनी बेट सोडले.

तेथे जाण्याची हौस असणाऱ्यांनी अँटिग्वाहून छोटे विमान धरावे. प्रवास वीसेक मिनिटांचा. उत्तरेकडील नवा विमानतळ २००५ साली सुरू झाला. सरकारी कचेऱ्या ब्रेड्स येथे आहेत, चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. प्लिमथ पाहावयाचे तर परवानगी आणि वाटाड्या हवाच.

आम्ही सुचवू तो मार्च महिना. एके काळी येथे आयरिश लोक वसले, म्हणून १७ मार्चला सेंट पॅट्रिकचा सण असतो. पाहुण्यांस ती निव्वळ आयरिश मौज वाटते. परंतु १७६८ साली त्याच दिवशी, मालक मेजवानीत दंग असताना, उठाव करण्याचा बेत गुलामांनी रचला होता. तो फुटला व पुढाऱ्यांना देहदंड झाला. बेटावर त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते, ती त्यांच्या स्मरणार्थ.