हातमागाच्या साडीसाठी गावातच स्टुडिओ

नर्मदातीरावरील महेश्वर हे नगर अहिल्यादेवी होळकर यांच्या राजधानीमुळे जसे विख्यात आहे, तसेच ते तेथील हातमागाच्या साड्यांमुळेही ओळखले जाते. रेशमी ताणा व सुती बाणा, दोन्ही बाजूंनी नेसता येणारा काठ आणि पदरावरील पाच पट्टे ही महेश्वरी साडीची पारंपरिक वैशिष्ट्ये होत. पूर्वी ग्राहक दुकानात येई, साडी हातात घेई, उजेडात नेऊन रंग पारखी आणि मगच सौदा होई. आज तीच साडी ऑनलाइन विक्रीस ठेवली म्हणजे पुण्याच्या, बडोद्याच्या वा हैदराबादच्या ग्राहकाला ती केवळ छायाचित्रातूनच दिसते. छायाचित्रात निळी दिसलेली साडी घरी जांभळी निघाली, तर ती परत येते. पाठवणीचा खर्च वाया जातो, घडी मोडते आणि विणकराच्या कित्येक दिवसांच्या श्रमाचे पैसे अडकून पडतात. यास्तव मोहक छायाचित्रापेक्षा खरे छायाचित्र अधिक मोलाचे, हे सूत्र ध्यानात ठेवूनच स्टुडिओची उभारणी करणे हितावह होय.

जागा

एकेका विणकराने स्वतंत्र खर्च करण्यापेक्षा विणकरांच्या सहकारी संस्थेने अथवा महिला बचत गटाने एकच खोली सामाईक ठेवावी. सुमारे १० फूट रुंद व १५ फूट लांब खोली पुरेशी होते. भिंती पांढऱ्या किंवा करड्या असाव्यात. हिरव्या वा गुलाबी भिंतीवरून परतणारा प्रकाश कापडावर तोच रंग चढवतो. पार्श्वभूमीसाठी पांढरा कागद अथवा सुरकुती नसलेले कापड भिंतीवरून जमिनीपर्यंत गोलाई देऊन सोडावे, म्हणजे मधली कोपऱ्याची रेषा दिसत नाही. इस्त्री, स्वच्छ चटई व हात धुण्याची सोय जवळच असावी.

प्रकाश

थेट ऊन न येणारी उत्तरेकडील खिडकी हा सर्वांत स्वस्त व उत्तम दिवा होय. परंतु दिवस कलतो, ढग येतात, आणि त्याबरोबर रंगही बदलतो. नियमित कामासाठी ५५०० केल्विनच्या आसपासचे दोन एलईडी दिवे घ्यावेत. खरेदी करताना वेष्टनावरील ‘सीआरआय’ हा आकडा ९५ किंवा त्याहून अधिक आहे हे पाहावे. तो कमी असल्यास लाल व जांभळ्या छटा फिक्या पडतात. दिवे साडीच्या दोन्ही बाजूंस सुमारे ४५ अंशांच्या कोनात ठेवून त्यांच्यापुढे पातळ पांढरे कापड ताणावे, परंतु ते दिव्यास टेकू देऊ नये. दिवे लावल्यावर खिडकी झाकावी व खोलीतील पिवळा बल्ब बंद ठेवावा, कारण दोन प्रकारचे प्रकाश मिसळले म्हणजे कोणताच रंग खरा उरत नाही. जर चकाकत असल्यास दिव्याचा कोन थोडा बदलावा.

कॅमेरा

चांगला मोबाइलही प्रारंभी चालतो. मात्र रंग भडक करणारी सर्व योजना बंद करावी आणि फार जवळून छायाचित्र घेऊ नये, अन्यथा काठ वाकडा दिसतो. कॅमेरा तिपाईवर, साडीच्या मध्याच्या उंचीवर असावा. स्वतंत्र कॅमेरा असल्यास आयएसओ १०० व छिद्र एफ ८ ठेवावे. प्रथम साडीशेजारी करडे कार्ड धरून त्यावरून व्हाइट बॅलन्स निश्चित करावा. महेश्वरीच्या बारीक चौकडीवर कधी कधी प्रत्यक्षात नसलेले लहरी, रंगीत पट्टे उमटतात. कॅमेऱ्याचे अंतर किंवा कोन किंचित बदलल्यास ते नाहीसे होतात. पावसाळ्यात भिंगावर बुरशी येऊ नये म्हणून कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा.

काय दाखवावे

प्रत्येक साडीची किमान पाच छायाचित्रे घ्यावीत : संपूर्ण साडी, उलगडलेला पदर, काठाच्या दोन्ही बाजू, पोत दिसेल असे जवळचे दृश्य आणि ब्लाउजचे कापड. साडी नेसलेल्या स्त्रीचे छायाचित्र द्यावयाचे असल्यास तिची लेखी संमती घ्यावी. प्रत्येक मोबाइलचा पडदा रंग निराळा दाखवतो. म्हणून रंग, लांबी व धाग्याचा प्रकार शब्दांतही नमूद करावा. हातविणीतील किंचित असमानता संगणकावर पुसून टाकू नये. ती दाखवावी व तिचे कारण लिहावे. यंत्रमागाच्या नकलेपासून अस्सल साडी वेगळी ओळखण्यास तिचे साहाय्य होते.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये ऑनलाइन विक्रीमंचाने विक्रेत्याकडून असे वचन घ्यावयाचे असते की, मालाचे वर्णन व चित्रे प्रत्यक्ष मालाशी जुळणारी आहेत. जाहिरातीत दाखविल्याप्रमाणे माल नसेल, तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणजेच खोटे छायाचित्र ग्राहकास फसवतेच, शिवाय त्याचा भुर्दंड अखेरीस विणकरावर पडतो.

गावातील शाळेच्या शिक्षकांनी वर्णनाचे लेखन तपासून द्यावे, सहकार व हातमाग विभागाच्या अधिकाऱ्यांनी संस्थांना उपकरणांच्या निवडीत मार्गदर्शन करावे आणि छायाचित्र प्रसिद्ध होण्यापूर्वी विणकराने स्वतः खिडकीतल्या उजेडात साडी व पडद्यावरील चित्र शेजारी धरून पाहावे. ताण्याबाण्याचा रंग ज्याने स्वतः जुळविला, त्याच्याइतका जाणता परीक्षक दुसरा मिळणार नाही.