उताराकडे पाठ करून

१९९५ च्या आसपास बर्फाच्या उतारावर कोणी स्कीअर उंच उडी मारून पाठमोरा खाली आला, तर पुढे काय होणार हे बघणाऱ्यांना आधीच कळायचं. त्या काळच्या स्कीचं पुढचं टोक वर वळलेलं असे. मागचं टोक, म्हणजे शेपटी, जवळजवळ सपाट. माणूस पाठमोरा उतरला की तीच शेपटी वाट काढायला पुढे येई, बर्फात रुते आणि स्वाराला पाठीवर आपटे. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हाच पाठमोरा उतार फ्रीस्टाइल स्कीइंगच्या केंद्रस्थानी आला. आज उताराकडे पाठ करून उडी घेता येत नसेल आणि पाठमोरं उतरता येत नसेल, तर मोठ्या स्पर्धेत कोणाचा निभाव लागत नाही. स्कीअर या प्रकाराला ‘स्विच’ म्हणतात.

त्याआधी पाठमोरी स्की कोणी चालवतच नव्हतं, असं मात्र नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, वॉटरव्हिल व्हॅलीला फ्रीस्टाइलची पहिली व्यावसायिक स्पर्धा भरली. या खेळाची तीन अंगं पुढे स्थिरावली. एरिअल्समध्ये उंच कोलांट्या, मोगल्समध्ये बर्फाच्या उंचवट्यांवरून वेगाने उतरणं आणि बॅलेमध्ये संगीताच्या तालावर हलक्या उतारावरचं नर्तन. बॅलेचे स्कीअर आखूड स्की वापरत, लांब काठ्यांवर भार टाकून उलटे होत, गिरक्या घेत आणि निम्मा वेळ पाठमोरे चालत. १९८८ च्या कॅलगरी आणि १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये बॅले प्रदर्शनीय खेळ म्हणून झाला, पण पदकांच्या यादीत काही आला नाही. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने तो बंद केला. नव्या पिढीने त्याची टर उडवली. ते योग्य नव्हतं. उताराकडे पाठ असतानाही स्की काबूत ठेवता येते, हे बॅलेच्याच लोकांनी आधी सिद्ध केलं होतं. त्यात फक्त मोठी उडी नव्हती.

उडी आली ती मोगल्सच्या तरुणांकडून. १९९० च्या दशकात मोगल्सचे नियम फार घट्ट होते. उंचवट्यांमधल्या दोन उड्यांत काय करायचं ते ठरलेलं होतं, डोकं पायांच्या खाली जाईल अशी कसरत चालत नव्हती. कॅनडातल्या व्हिसलरला, ब्लॅककॉमच्या हिमनदीवर उन्हाळी शिबिरं भरत. तिथे मोगल्सचे स्कीअर आणि स्नोबोर्डवाले शेजारी शेजारी सराव करत. स्नोबोर्डची दोन्ही टोकं वळलेली, त्यामुळे बोर्डवाले कोणत्याही बाजूने उडत आणि कोणत्याही बाजूने उतरत. हे मोकळेपण माइक डग्लस आणि क्वेबेकहून आलेले जेएफ क्युसों, जेपी ऑक्लेअर, व्हिन्सेंट डोरिओं रोज पाहत होते. त्यांनी बोर्डवाल्यांच्या उड्यांच्या पार्कात घुसून त्याच उड्या स्कीवर करून पाहायला सुरुवात केली. या टोळक्याला पुढे ‘न्यू कॅनेडियन एअर फोर्स’ असं नाव पडलं. नाव गमतीचं होतं, मेहनत खरी होती.

अडसर शेपटीचाच होता. दोन्ही टोकं वळलेली स्की बनवा, असा प्रस्ताव या मंडळींनी कंपन्यांपुढे ठेवला, सोबत आपल्या उड्यांचं चित्रीकरणही दिलं. बहुतेकांनी नकार दिला. सॅलोमॉनने होकार दिला आणि १९९८ मध्ये ‘टेनएटी’ ही स्की बाजारात आली. तीन पूर्ण गिरक्यांचे अंश १०८०, त्यावरून हे नाव. त्याच्या काही वर्षं आधी न्यूयॉर्क राज्यातला जेसन लेव्हिन्थल हा विद्यार्थी दोन्ही टोकं वळलेल्या आखूड स्की स्वतःच्या हाताने बनवत होता. त्यातून १९९५ मध्ये ‘लाइन’ ही कंपनी उभी राहिली. दोन ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी, जवळपास एकाच वेळी शेपटीला बाक दिला. फरक दिसायला काही सेंटिमीटरचा, पण त्याने पाठमोरं उतरणं जुगारातून सरावाच्या कक्षेत आणलं.

निकाल लगेच दिसला. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटला हिवाळी एक्स गेम्स, म्हणजे साहसी खेळांची स्पर्धा झाली, त्यात स्कीअरसाठी पहिल्यांदाच बिग एअर, म्हणजे एकाच प्रचंड उडीची स्पर्धा ठेवली होती. क्युसोंने सुवर्ण जिंकलं ते स्विच ७२० वर. पाठमोरा वर गेला, हवेत दोन पूर्ण गिरक्या घेतल्या आणि पाठमोराच उतरला. जुन्या स्कीवर या उडीचा शेवट दवाखान्यात झाला असता.

इथे अंशांचं गणित समजून घ्यायला हवं, कारण या खेळाची सगळी भाषा त्यावर उभी आहे. पूर्ण गिरकी म्हणजे ३६०. समोर तोंड करून उडालेला स्कीअर १८०, ५४०, ९०० अशी अर्ध्यावर संपणारी गिरकी घेतो तेव्हा तो पाठमोरा उतरतो. पाठमोरा उडालेला माणूस याच आकड्यांवर सरळ उतरतो आणि ३६०, ७२०, १०८० वर पुन्हा पाठमोरा. म्हणजे आकडा एकच असला तरी सुरुवात कोणत्या बाजूने झाली यावर उडीचा पोत बदलतो. त्यात डावीकडे फिरायचं की उजवीकडे, हा दुसरा प्रश्न. प्रत्येक माणसाची एक सोयीची बाजू असते आणि एक अवघड. सरळ-डावी, सरळ-उजवी, स्विच-डावी, स्विच-उजवी अशा चार दिशा होतात. या चारही दिशांवर हुकमत मिळवणं हा आजच्या स्लोपस्टाइल (ओळीने लागणाऱ्या उड्या आणि अडथळ्यांची वाट) आणि हाफपाइप (बर्फाची अर्धगोल नाली) खेळाडूचा खरा अभ्यास.

शिकायची सुरुवात मात्र उडीपासून होत नाही. आधी साध्या, रुंद उतारावर नुसतं पाठमोरं चालायचं. वेग कमी करायला सरळ चालणारा नवशिका स्कीची पुढची टोकं जवळ आणतो आणि शेपट्या फाकवतो. पाठमोऱ्याला हेच उलटं करावं लागतं, शेपट्या जवळ आणि टोकं लांब. मान एका खांद्यावरून वळवून खालची वाट बघायची, पण मानेबरोबर खांदे आणि कंबर फिरू द्यायची नाही. ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात शरीराला डोक्यामागे जायची इतकी सवय असते की मान वळली की स्कीसुद्धा वळायला लागतात. भार दोन्ही पायांवर सारखा आणि मध्यावर ठेवायचा. भीतीने माणूस उताराकडे, म्हणजे स्वतःच्या मागे कलला, की शेपटीची कड अडकते.

मग छोट्या उडीवरून १८०. समोर बघत उडायचं, अर्धं फिरायचं, पाठमोरं टेकायचं. इथे नवशिक्यांची चूक ठरलेली असते. उतरताना खाली काय आहे हे बघायला ते मान पुढे फिरवत राहतात आणि मानेमागे शरीर आणखी फिरतं, ठरलेल्या अर्ध्या गिरकीच्या पलीकडे. म्हणून प्रशिक्षक सांगतात की उतरताना नजर वर, ज्या कड्यावरून उडालात तिकडे ठेवा. टेकलात, स्थिरावलात, की मग खांद्यावरून मागे बघा. आपण कुठे चाललो आहोत ते न बघता उतरायचं, हा विश्वास अंगात मुरायला वेळ लागतो.

पाठमोरं उडणं त्याहून कठीण. उडीचा कडा दिसत नाही, खांद्यावरून ओझरती नजर टाकून त्याचं अंतर जोखावं लागतं. वेग थोडा कमी पडला तर माणूस दोन उतारांमधल्या सपाट पट्टीवर आदळतो, जास्त झाला तर उतरायची जागाच ओलांडतो. स्की सपाट ठेवून, दोन्ही पायांनी एकाच वेळी कड्यावर उसळी घ्यायची. एक क्षण आधी फिरायला लागलं तर कड अडकते, एक क्षण उशीर झाला तर गिरकी अपुरी राहते. म्हणूनच पहिली स्विच १८० ही लहानशी उडी अनेकांना मोठ्या सरळ ३६० पेक्षा जड जाते. तरीही ती चुकवून पुढे जाता येत नाही. १०८० असो की १४४०, पाया याच अर्ध्या गिरकीत असतो.

साहित्यही त्यासाठी बदलत गेलं. पूर्वी बूट स्कीच्या मध्यापासून बरेच मागे बसवत, आता पार्कसाठीच्या स्कीवर ते मध्याजवळ आले, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी लांबी मिळाली. मोकळ्या डोंगरावरच्या खोल, भुसभुशीत बर्फात पाठमोरं उतरायचं तर एवढंही पुरत नव्हतं, कारण तिथे शेपटी बुडते. एरिक पोलार्ड आणि पेप फुजास या स्कीअरनी त्या बर्फातही स्विच उतरण्याचा ध्यास घेतला. पोलार्डने ‘लाइन’साठी रुंद आणि दोन्ही टोकांना सारख्या स्की आखल्या. स्पर्धेच्या गुणांशी या कामाचा काहीच संबंध नव्हता, आणि कदाचित म्हणूनच या सगळ्या इतिहासातलं ते सर्वांत देखणं पान आहे.

किंमतही मोजली गेली. स्कीला बूट धरून ठेवणारी बाइंडिंग मुख्यतः पुढे पडणाऱ्या माणसासाठी घडलेली असतात. पुढे तोल गेला की टाच सुटते. मागे पडताना बहुतेक बाइंडिंगमध्ये तशी सुटका नसते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. २००५ मध्ये युटातल्या ‘चॅड्स गॅप’ या सुमारे ३६ मीटरच्या दरीवरून टॅनर हॉलने स्विच ९०० घेतली. तो पलीकडच्या उतारापर्यंत पोचला नाही आणि त्याचे दोन्ही घोटे मोडले. त्याआधी त्याने एक्स गेम्सच्या स्लोपस्टाइलमध्ये सलग तीन सुवर्णपदकं जिंकली होती. उतारावर त्याच्याइतकी हुकमत असलेली माणसं तेव्हा मोजकीच होती. पाठमोऱ्या उडीत वेगाचा अंदाज किती थोडक्यात फसतो, हे त्या पडण्याने सगळ्यांना दाखवलं.

स्त्रियांना आधी दारच उघडून घ्यावं लागलं. कॅनडाच्या सारा बर्कने एक्स गेम्समध्ये आणि नंतर ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या स्पर्धा व्हाव्यात म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हाफपाइप आणि स्लोपस्टाइल ऑलिंपिकमध्ये घ्यायचा निर्णय २०११ मध्ये झाला. जानेवारी २०१२ मध्ये पार्क सिटीला सराव करताना ती पडली आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. हे खेळ पहिल्यांदा झाले ते २०१४ चं सोची ऑलिंपिक तिला बघायला मिळालं नाही.

तिचीच देशभगिनी काया तुर्स्की स्कीकडे आली ती इनलाइन स्केटिंगमधून. स्केटवर उलटं जाणं रोजचंच असतं आणि ते तिच्या पायांत होतं. स्पर्धेत स्विच १०८० यशस्वी करणारी ती पहिली स्त्री. ऑगस्ट २०१३ मध्ये तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रियेनंतर जानेवारी २०१४ मध्ये तिने ॲस्पेनला एक्स गेम्सचं सुवर्ण पुन्हा जिंकलं, पण पुढच्याच महिन्यात सोचीत ती अंतिम फेरीपर्यंत पोचू शकली नाही.

चार दिशांचा हा अभ्यास सर्वांत स्पष्ट दिसला तो २०१८ मध्ये, प्याँगचांगच्या हाफपाइपमध्ये. सोचीचा विजेता डेव्हिड वाइज पहिल्या दोन्ही फेऱ्यांत पडला, दोन्ही वेळा स्की पायातून निसटली. उरली एक फेरी. त्यात त्याने दुहेरी कॉर्क, म्हणजे तिरक्या अक्षावर दोनदा उलटं होणारी गिरकी, चारही दिशांनी घेतली. उजवीकडे, डावीकडे, आणि पाठमोरं सुरू करून पुन्हा दोन्हीकडे. हाफपाइपच्या बर्फाळ भिंतीवर पाठमोरं चढणं म्हणजे काठाचा अंदाज पायांनी घ्यायचा, डोळ्यांनी नाही. ९७.२० गुण मिळाले. ॲलेक्स फेरेरा ९६.४० वर थांबला, सोळा वर्षांचा निको पोर्टियस ९४.८० वर. वाइजकडे या चारपैकी एक दिशा जरी कमी असती, तर हे सुवर्ण त्याचं झालं असतं का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

क्युसों आणि ऑक्लेअर थेट बर्फावर पडून शिकले होते. आताच्या मुलांना आधी ट्रॅम्पोलिन आहे, फोमने भरलेला खड्डा आहे, पार्क सिटीच्या ऑलिंपिक पार्कात उड्या मारायला पाण्याचा तलाव आहे. कोलोरॅडोतल्या कॉपर माउंटनला २००९ मध्ये ‘वुडवर्ड’चं बंदिस्त सरावकेंद्र उघडलं. नंतर उतरत्या एअरबॅग आल्या. फोममध्ये गिरकी शिकता येते, पण उतरणं शिकता येत नाही. माणूस त्यात नुसता रुतून बसतो. उतरत्या एअरबॅगवर स्की टेकते आणि पुढे घसरते, म्हणून पाठमोरं उतरायचा सराव तिथे कमी धोक्यात होतो. गेल्या काही वर्षांत गिरक्यांचे आकडे झपाट्याने वाढले, त्यामागे धाडसाइतकाच या साधनांचा वाटा आहे. ऑक्लेअर हे सगळं बघायला फार काळ उरला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये चिलीत हिमस्खलनात त्याचा मृत्यू झाला.

मार्च २०२० मध्ये नॉर्वेतल्या एक्स गेम्समध्ये स्वित्झर्लंडच्या मातिल्ड ग्रेमोने बिग एअरमध्ये स्विच दुहेरी कॉर्क १४४० उतरवली. पाठमोरी सुरुवात, चार पूर्ण गिरक्या आणि पाठमोराच शेवट. स्पर्धेत हे करणारी ती पहिली स्त्री. दोन वर्षांनी बीजिंगला स्कीचं बिग एअर पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. तिथे तीनपैकी दोन उड्यांचे गुण धरले जात होते, आणि त्या दोन उड्या वेगवेगळ्या दिशांच्या असणं बंधनकारक होतं. एकाच सोयीच्या बाजूवर पदक मिळवायची वाट त्यामुळे बंद झाली. ग्रेमोने त्यात कांस्य घेतलं आणि आठवड्याभरातच स्लोपस्टाइलचं सुवर्ण ८६.५६ गुणांनी जिंकलं. दुसऱ्या आलेल्या आयलीन गूचे गुण होते ८६.२३.